आई शेवटी काय म्हणाली

अकोला
९ जानेवारी २०२४

प्रणाली,

'प्रिय' लिहावं की नाही यातच सकाळ गेली. म्हणून नुसतं नाव लिहून सुरुवात करतो.

तुझा पत्ता तुझ्या मैत्रिणीने, दीपमालाने दिला. तिच्या झेरॉक्सच्या दुकानात मी तीन वेळा गेलो. दोनदा उगाच कागद झेरॉक्स करून परत आलो. तिसऱ्यांदा विचारलं. ती म्हणाली, "काका, पत्ता देते. पन तिले अजून दुखवायसाठी लिहून राहिले असान तं नका लिहू." मी म्हटलं, तसं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पावतीच्या मागे पत्ता लिहून दिला.

फोन नंबर मी मागितला नाही. घशाचा थोडा त्रास आहे, त्यामुळे बोलणं जमत नाही. थंडीचं असतं.

इकडचं सर्व ठीक. शाळेतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली. मागची खोली भाड्याने दिली होती, ते लोक मूर्तिजापूरला गेले. आता मी एकटाच. नाताळच्या उपासनेत यंदा मी गायलो नाही, फक्त पेटी वाजवली. मंडळीतल्या काहींना वाटलं मी रुसलो. वाटू दे.

तुझ्या लग्नाला आता सात वर्षं होतील. जे झालं ते झालं. तेव्हा मी मंडळीचा पंच होतो आणि पंचाला जे बोलावं लागतं ते बोललो. त्याचं आता काही नाही.

आईच्या बाबतीत तुझ्या मनात काही असेल तर काढून टाक. त्या दिवसांत तिची अवस्था काही बोलण्यासारखी नव्हती.

उत्तर द्यावंसं वाटलं तर दे.

शांतवन खंडारे
(तुझे वडील)


अमरावती
४ फेब्रुवारी २०२४

प्रणाली,

पाकिटावर अमरावतीचा शिक्का पाहून तुला आश्चर्य वाटेल. एका कामासाठी इथे आलो आहे. पाच दिवस झाले. तिसऱ्या मजल्यावर जागा मिळाली आहे, खिडकीतून एक पाण्याची टाकी आणि एका घराची गच्ची दिसते. गच्चीवर रोज एक बाई पापड वाळत घालते. जेवण संध्याकाळी सहालाच येतं, त्यामुळे नंतरचा वेळ लांबतो.

काम उद्या सकाळी आठला आहे.

हे असं लिहून काय उपयोग? दवाखाना आहे, प्रणाली. घशात गाठ आहे, ती काढणार आहेत. डॉक्टरीणबाई तुझ्याच वयाच्या असतील. त्यांनी विचारलं, "सोबत कोण आहे?" मी म्हटलं, मुलगी आहे, इथेच अमरावतीत असते, येईल. त्यांनी कागदावर तुझं नाव लिहून घेतलं. नात्याच्या रकान्यात 'मुलगी' लिहिलं. मी तो कागद बराच वेळ पाहत बसलो होतो.

मग सही कोणी करायची हा प्रश्न आला. पाळकसाहेबांनी आपल्या चर्चची साफसफाई पाहणाऱ्या श्यामला पाठवलं. त्याने सही केली आणि दुपारच्या बसने परत गेला, त्याच्या घरी कोणी आजारी आहे. तेव्हापासून इथली नर्स रोज विचारते, "काका, मुलगी आली का?" मी सांगतो, तिच्या शाळेत परीक्षा सुरू आहेत.

इकडे येण्याआधी मी एकदा, रविवार नसताना, चर्चमध्ये गेलो. श्यामकडून कुलूप उघडून घेतलं आणि त्याला बाहेर थांबायला सांगितलं. पेटी काढली. एक आख्खं गीत गायलो. वरच्या पट्टीत आवाज फाटला तरी थांबलो नाही. बाहेर आलो तर श्याम पायरीवर डोळे पुसत होता. मी त्याला रागावलो. का रागावलो, देव जाणे.

तुझं घर इथून किती लांब ते एका रिक्षावाल्याला विचारलं. वीस मिनिटं म्हणाला.

तू येऊ नकोस. हे पत्र ऑपरेशननंतर दोन दिवसांनी पेटीत टाक असं मी वॉर्डबॉयला सांगून ठेवलं आहे.

शांतवन


अमरावती
२५ फेब्रुवारी २०२४

प्रणाली,

सरळ सांगतो. मला घशाचा कॅन्सर होता. स्वरयंत्र पूर्ण काढलं. आता गळ्यात समोर एक भोक आहे, श्वास तिथून घ्यायचा. आवाज नाही. पुढेही येणार नाही. खोकला आला तर नुसती हवा सुटते, सायकलच्या ट्यूबमधून सुटावी तशी.

पहिल्या पत्रात मी 'थंडीचं असतं' असं लिहिलं, तेव्हा रिपोर्ट माझ्या टेबलावर होता.

आणि हा आजार कुठून आला तेही सांगतो. मी बावीस वर्षं खर्रा खाल्ला. तुला ठाऊक नव्हतं, आईला होतं. तंबाखू सोडा म्हणून रविवारी मंडळीपुढे मीच बोलायचो आणि बोलून झालं की चर्चच्या मागच्या दाराने बाहेर जाऊन पुडी सोडायचो. तिथे एक चाफा आहे, त्याच्या बुंध्याशी थुंकायचो. आई एकदा म्हणाली होती, "झाडाले तरी सोडा." मी तिच्याशी दोन दिवस बोललो नव्हतो.

शुद्धीवर आलो तेव्हा सवयीने प्रार्थना करायला गेलो. ओठ हलले, काही निघालं नाही. मग मी ठरवलं, नाही करत. मनातच प्रभूला म्हटलं, तू माझं बोलणं काढून घेतलंस ना, आता मीही तुझ्याशी बोलत नाही. बासष्ट वर्षांचा माणूस पोरासारखा रुसून भिंतीकडे तोंड करून पडला होता. रविवारी मंडळीतले चौघं भेटायला आले. त्यांनी माझंच आवडतं गीत म्हटलं, मला बरं वाटावं म्हणून. मी डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं. ते गेल्यावर खूप एकटं वाटलं आणि ते गेले हे बरंही वाटलं.

असे नऊ दिवस गेले.

माझ्या शेजारच्या खाटेवर किसनराव नावाचे गृहस्थ होते. भातकुलीचे. शेवंती आणि झेंडू लावतात, त्यांच्या बायको गंगूबाई फुलं घेऊन अमरावतीच्या बाजारात येतात. किसनरावांच्या अन्ननलिकेत बिघाड होता. आवाज घोगरा, पण बोलायचे खूप. माझ्या हातात पाटी आणि खडू पाहून त्यांनी मला पहिल्याच दिवशी मास्तर केलं. खरोखर मास्तर होतो हे त्यांना नंतर कळलं.

त्यांच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, दुपारी, ते म्हणाले, "मास्तर, तुमी येशूचे लोक ना? तुमच्यात दुसऱ्यासाठी प्रार्थना करतेत म्हने. माह्यासाठी एक करा ना."

मी गळ्याकडे बोट दाखवलं.

"मंग लिहा," ते म्हणाले. "मी वाचतो. चौथी शिकलो हाय."

गंगूबाई म्हणाल्या, "आवो, कावून तरास देता त्यायले?"

"तरास कायचा? त्यायले लिहिता येते, मले वाचता येते."

मी खडू हातात धरून बसलो. मंडळीत उभा राहिलो की वीस वीस मिनिटं प्रार्थना करायचो, प्रणाली. तुला आठवत असेल, तू माझ्या मागे बसून पाय बदलायचीस. आता एक ओळ सुचेना. शेवटी लिहिलं: प्रभू, हा किसनराव. उद्या याला आत नेतील. याला भीती वाटते. तू याच्याजवळ राहा.

पाटी भरली. त्यांनी ती मांडीवर घेतली आणि अक्षराखाली बोट ठेवत मोठ्याने वाचू लागले. "प्रभू... हा कि-सन-राव. उद्या याले आत नेतीन." 'याला भीती वाटते' इथे आले आणि थांबले. गंगूबाईंकडे पाहून म्हणाले, "हे खरं हाय." मग पुढचं वाचलं. वाचून झाल्यावर पाटी पुसून माझ्याकडे दिली. "आता गंगूचं बी लिहा. ते बाहेर बाकड्यावर झोपते."

मी लिहिलं. त्यांनी वाचलं. परत पाटी पुसली. "आता तुमचं लिहा."

मी दोनच शब्द लिहिले: आणि मी.

"आनि मी," किसनरावांनी वाचलं. पाटी उलटून पाहिली. "एवढंच? आता काय म्हनाचं?"

मी लिहिलं: आमेन.

दोघंही इतक्या जोराने 'आमेन' म्हणाले की पलीकडच्या खाटा वळून पाहू लागल्या. मी रडलो. हे रडणंही आवाजाविना होतं, गळ्यातल्या भोकातून नुसती हवा ये-जा करत होती. गंगूबाईंनी पदराने माझं तोंड पुसलं.

मला माझा आवाज फार आवडायचा. प्रार्थना करताना मी तो ऐकत असायचो. प्रभू ऐकतो की नाही याकडे माझं तेवढं लक्ष नसायचं. त्या दुपारी माझे शब्द दुसऱ्याच्या तोंडून अडखळत बाहेर पडले, आणि कोणीतरी ते ऐकतंय असं मला कित्येक वर्षांनी वाटलं. याहून जास्त मला सांगता येत नाही.

किसनरावांचं ऑपरेशन झालं, बरे आहेत. मला उद्या सोडतील.

शांतवन


अकोला
२९ मार्च २०२४, उत्तम शुक्रवार

प्रणाली,

आज चर्चमध्ये मी सर्वांत मागच्या बाकावर बसलो. पाळकसाहेबांनी पुढे बोलावलं, मी हात जोडून नको म्हटलं. उत्तम शुक्रवारी वीस वर्षं मी प्रभूच्या वधस्तंभावरच्या उद्गारांवर बोलत आलो. यंदा नुसता ऐकायला बसलो होतो. वाचन चाललं होतं, प्रभूवर खोटे आरोप करतात, रोमी सुभेदार पुन्हा पुन्हा विचारतो, आणि तो काही बोलत नाही. हा भाग मी शेकडो वेळा वाचला असेन. त्यात बोलण्यासारखं काही आहे असं मला कधी दिसलं नव्हतं. आज दिसलं ते एवढंच, की ज्याला स्वतःला वाचवायचं नसतं त्याला बोलायची घाई नसते. मी आयुष्यभर बोललो ते बहुतेक स्वतःला वाचवायलाच.

घरी आलो आणि लिहायला बसलो. हे लिहायचं ठरवून तीन महिने झाले. पहिलं पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं होतं आणि त्यात उलट आणखी एक खोटं लिहिलं.

तुझं लग्न ठरलं तेव्हा मी मंडळीपुढे उभा राहून म्हणालो, "आजपासून मला मुलगी नाही." कोणी विचारलंही नव्हतं. नागसेन बौद्ध घरातला, म्हणून पंचाच्या घरात असं झालं हे लोक बोलतील, त्याआधी आपणच बोलावं असा हिशोब. माणसं म्हणाली, काय खंबीर माणूस आहे. ते ऐकायला मला आवडलं.

मग २०१९च्या ऑगस्टमध्ये आईच्या किडन्या गेल्या. डॉक्टर म्हणाले, घरी न्या. अकरा दिवस ती पुढच्या खोलीत होती. आणि तिची बोलण्याची अवस्था होती, प्रणाली. शेवटपर्यंत होती.

पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "पनूले फोन केला का?"

मी म्हटलं, केला.

मी केला नव्हता.

"काय म्हनली?"

"बघते म्हणाली."

तिसऱ्या दिवशी परत विचारलं. मी म्हटलं, शाळेतून सुट्टी मिळत नाही म्हणते. पाचव्या दिवशी विचारलं. मी म्हटलं, ती यायचं नाही म्हणाली. त्यानंतर तिने विचारलं नाही.

तुझा नंबर माझ्याकडे होता. आईच्या वहीत पहिल्या पानावर होता. मी दोनदा वही उघडली. पण तू आलीस की मंडळी पाहणार, पंचाने आपला शब्द गिळला म्हणणार, आणि तू तिच्या उशाशी बसलीस की ती तुझी होणार, माझी राहणार नाही. असलं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. मरणाऱ्या बाईच्या घरात मी हे विचार करत होतो.

तुला दीपमालाने कळवलं आणि तू पोहोचलीस तेव्हा माती देऊन झाली होती. दफनभूमीच्या फाटकात तू मला विचारलंस, "आईने माझं नाव घेतलं का?" मी म्हटलं, "नाही." तू फाटकातूनच परत फिरलीस. आत आलीच नाहीस.

तिला सांगितलं, तू येत नाहीस. तुला सांगितलं, तिने बोलावलं नाही. दोन्ही मीच.

याची क्षमा मागण्याची भाषा मला येते, ती मी लोकांना शिकवली आहे. म्हणून ती इथे वापरवत नाही. तुला हे माहीत असावं एवढंच.

शांतवन


अकोला
१६ जून २०२४

प्रणाली,

तुझं उत्तर आलं नाही. यावं असं मी म्हणू शकत नाही. तरी पोस्टमन गल्लीत शिरला की मी फाटकाशी जातो.

एप्रिल आणि मे शेक घेण्यात, म्हणजे रेडिएशनमध्ये गेले. तीस वेळा. सोमवारी सकाळच्या गाडीने अमरावतीला जायचं, एका धर्मशाळेत राहायचं, शनिवारी परत. मान काळी पडली आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, आता तीन महिन्यांनी, २६ सप्टेंबरला दाखवा. तुझ्या घराच्या रस्त्यावरून एकदा रिक्षा गेली. मी मान खाली घातली.

बिनआवाजाच्या माणसाचं घर कसं असतं ते तुला सांगतो. दारावर कोणी हाक मारली तर 'आलो' म्हणता येत नाही. मी पोहोचेपर्यंत माणूस निघून गेलेला असतो. भाजीवाली जाताना मी टाळ्या वाजवतो, ती हसते. ओट्यावर मांजर चढलं तर हाकलता येत नाही, तेही आता ओळखून आहे. चार चार दिवस मला कोणी काही विचारत नाही, आणि विचारलं तरी पाटीवर लिहीपर्यंत ते मोबाईलकडे पाहू लागतात. जेवताना ताट-वाटीचा आवाज फार मोठा वाटतो.

सकाळी शास्त्र वाचतो. मनात वाचायला मला जमत नव्हतं, सवय मोठ्याने वाचण्याची. आता ओळीखाली बोट ठेवून वाचतो, किसनराव वाचायचे तसं. हळू होतं. कधी एकाच ओळीवर थांबतो. प्रार्थनेत तुझं नाव घेतो आणि तुझ्यासाठी काय मागावं ते कळत नाही, मग नाव घेऊनच थांबतो.

गेल्या सोमवारी फोन वाजला. मला फोन येतच नाहीत. उचलला तर गंगूबाई. "मास्तर, तुमाले बोलता येत नाही, मले माहीत हाय. फकस्त आयका. हे गेले. काल सकाळी गेले." पुढे नुसतं रडणं. मी फोन कानाला लावून उभा राहिलो. हूं म्हणायचीही सोय नाही. त्यांना मी आहे की नाही हे कळावं म्हणून बोटाने फोनवर टकटक केलं. त्या म्हणाल्या, "हाव, आयकू आलं."

दुसऱ्या दिवशी भातकुलीला गेलो. आधी मी मयताच्या घरी जायचो तो बोलायची तयारी करून जायचो. वचन कोणतं, दाखला कोणता, सगळं ठरलेलं असायचं. आता पाटीसुद्धा पिशवीतच राहिली. ओसरीत सतरंजीवर बसलो. माणसं येत होती, किसनरावांनी काय करायला हवं होतं, कोणत्या दवाखान्यात न्यायला हवं होतं, ते सांगून जात होती. मी चार तास बसलो. निघताना गंगूबाई म्हणाल्या, "बोलनारे लय येऊन गेले, मास्तर. तुमी बसले, मले बरं वाटलं."

आणि म्हणाल्या, "ते तुमची पाटी आठवे त्यायले. शेवटी शेवटी म्हनत, ते मास्तरनं लिहिलेलं वाच. मी म्हनो, मले वाचता येते का? मंग ते सोताच म्हनत, 'तू याच्याजवळ राहा.' पाठ झालं होतं त्यायले."

परतीच्या बसमध्ये मला खिडकीची जागा मिळाली. बडनेऱ्यापर्यंत मी रडत होतो. पण प्रणाली, ते रडणं दवाखान्यातल्या त्या नऊ दिवसांसारखं नव्हतं. त्या दिवसांत वाटायचं, आता माझा कोणाला काही उपयोग नाही, आणि ज्याची सेवा केली त्यालाही नाही. माझा आवाज गेला तरी माझ्या हातून एका माणसाला मरताना धरायला एक वाक्य मिळालं. ते मी त्याला दिलं असंही नाही, मी त्या दिवशी प्रभूवर रुसलेलो होतो. माझ्या रुसव्यातूनही त्याने काम करून घेतलं. म्हणजे त्याने मला टाकलेलं नाही.

हे तुला पटावं असा आग्रह नाही. मला याचाच आधार आहे, म्हणून लिहिलं.

शांतवन


अकोला
२२ सप्टेंबर २०२४, रविवार

प्रिय प्रणाली,

आज दुपारी नागसेन येऊन गेला.

मी उपासनेहून आलो, दूध तापत ठेवलं आणि पुढच्या खोलीत बसलो होतो. फाटकाशी एक उंच माणूस उभा. मी त्याला कधी पाहिलेलं नाही, तरी ओळखलं. तो म्हणाला, "मी नागसेन. आत येऊ का, मामाजी?" सासऱ्याला म्हणतात तसं मामाजी म्हणाला. मला कोणी तसं म्हणेल असं मी काही केलेलं नाही.

तो बसला आणि सरळ बोलू लागला. "तिनं मले पाठवलं नाही. मी जातो म्हटलं, तिनं अडवलं नाही. तुमचं ते मार्चचं पत्र आलं त्या दिवशी ती शाळेत गेली नाही. चार दिवस जेवली नाही. मले तुमचा लय राग आला, मामाजी. खोटं कावून बोलू, आजही हाय."

मी पाटीवर लिहिलं: बरोबर आहे.

त्याने वाचलं आणि एकदम नाक वर करून उठला. "दूध जळून राहिलं ना!" म्हणत आत धावला. गळ्यातून श्वास घ्यायला लागल्यापासून मला वास येत नाही. दूध आटून भांडं काळं पडलं होतं. त्याने गॅस बंद केला, खिडकी उघडली, भांडं पाण्यात टाकलं. मग माझं स्वयंपाकघर पाहत थोडा वेळ तिथेच उभा राहिला. एक ताट, एक वाटी, एक पेला. तिथूनच विचारलं, "दवाखान्यात कोन नेते तुमाले?"

मी मान हलवली.

"कोनीच नाही? शेक घ्याले एकटे जात होते?"

मी मान हलवली.

तो मोरीत बसला आणि ते भांडं घासू लागला. मी नको नको म्हणून खुणा केल्या, त्याने पाहिलं नाही. पाठमोराच बोलला, "येत्या गुरुवारी तपासनी हाय ना? पत्रात तारीख लिहिली होती. मी सुट्टी टाकतो. सकाळी येतो, गाडीनं जाऊ."

म्हणजे जूनचं पत्रही तुम्ही वाचलं आहे. दोघांनी.

जाताना फाटकात थांबून त्याने तुझा निरोप सांगितला. "ती येनार नाही म्हनते. सध्या तरी नाही. पन तिनं सांगितलं, आईचे ते अकरा दिवस लिहून द्या. आई काय काय म्हनली ते सगळं. सोताले वाचवून लिहू नका म्हने."

तो गेल्यापासून मी लिहायला बसलो आहे. अकरा दिवस वेगळ्या कागदांवर लिहिले, सोबत जोडले आहेत. तिने काय खाल्लं, कोण येऊन गेलं, तुझ्या लहानपणाचं काय काय बोलली, आठवलं ते सगळं. तुझ्या बालवाडीच्या डब्याबद्दल तिने सांगितलेलं वाचशील तेव्हा तुला हसू येईल. इथे फक्त शेवटचं लिहितो, कारण मार्चच्या पत्रात मी एक गोष्ट पुन्हा लपवली. पाचव्या दिवसानंतर तिने विचारलं नाही, असं लिहिलं. ते खरं नाही.

दहाव्या दिवशी संध्याकाळी तिने मला जवळ बसवलं. म्हणाली, "तुमी पनूले फोन केलाच नाही."

मी तिचं पांघरूण सारखं करू लागलो.

"माही पोरगी येत नाही असं म्हननार नाही. मी पाचव्या दिवशीच वळखलं."

मी म्हटलं, आता करतो. तिने माझं मनगट धरलं. तिच्या हातात जोर नव्हता. म्हणाली, "मी तुमाले माफ केलं. हे आज सांगते, उद्या जमन का नाही माहीत नाही. पन माह्या माफ करन्यानं हे मिटत नाही. तुमी तिले सांगा. जवा तुमाले जमन तवा सांगा, पन सांगा."

मी हो म्हटलं. तरीही फोन केला नाही. तिने माफ केलं आणि मला ते सहन झालं नाही. ती रागावली असती, शिव्या दिल्या असत्या, तर मी कदाचित केला असता. प्रभूच्या क्षमेबद्दल इतकी वर्षं बोललो होतो. तीच क्षमा माझ्यासमोर येऊन बसली तेव्हा मी उठून चहा करायला गेलो.

अकराव्या दिवशी सकाळी तिने दोन चमचे चहा घेतला. मग थांबून थांबून बोलली, ते जसंच्या तसं: "पनूले म्हना, मी वाट पाह्यली. रागानं नाही पाह्यली. तिनं बी रागात राहू नाही. ते नागसेन चांगला पोरगा हाय, मी त्याले एकडाव भेटली हाय, तुमाले सांगितलं नाही." मग तिने डोळे मिटले. दुपारी अडीचच्या सुमारास "पनू" म्हणाली. मला वाटलं तू दारात आलीस, मी वळूनही पाहिलं. दार रिकामं होतं. त्यानंतर ती काही बोलली नाही. चारला गेली.

एवढंच आहे. आता माझ्याजवळ लपवलेलं काही उरलं नाही.

तिने मला माफ केलं ते मी आज घेतो आहे, पाच वर्षांनी. आणि तिने सांगितल्याप्रमाणे तुझ्याकडे मागतो. प्रणाली, मला क्षमा कर. आज नाही जमलं तर नको करूस. कधीच नाही जमलं तरी मी प्रभूशी भांडणार नाही, त्याने माझ्याजवळ राहायचं सोडलेलं नाही एवढं मला आता कळतं.

हे पत्र पोस्टात टाकत नाही. गुरुवारी नागसेनच्या हातात देतो.

तुझा
पप्पा